आधी डिझेल, मग बर्फ

पंपाचं नोझल आपोआप बंद होतं तेव्हा ‘खट्’ असा आवाज येतो. रस्त्यावरच्या पंपावर तो एकदाच येतो, टाकी भरल्यावर. गेल्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात आमच्या बोटीत डिझेल भरत होते, आणि हा आवाज मी दर आठ-दहा लिटरला ऐकत होते. खट्. थांबायचं, पाइपातला फेस खाली बसू द्यायचा, पुन्हा दांडी दाबायची. पुन्हा खट्. एकदा खलाशाने दांडी जोरात दाबून धरली, तर डिझेल भरणीच्या तोंडातून उलटं वर आलं. फळ्यांवरून ओघळून ते बंदराच्या पाण्यात गेलं आणि पाण्यावर सप्तरंगी तवंग पसरत गेला. मागे चार बोटी रांगेत उभ्या होत्या. पावसाळ्यातली दोन महिन्यांची मासेमारीबंदी संपलेली, प्रत्येकाला पहिली फेरी गाठायची घाई, आणि आम्ही सगळ्यांची वाट अडवून उभे.

पावती हातात आली तेव्हा मी वेळ पाहिली. 400 लिटरला 1 तास 10 मिनिटं.

आमची बोट 1994 सालची. लाकडी, 45 फुटी, ट्रॉलिंगची, म्हणजे जाळं मागे ओढत मासे धरणारी. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, बांधून घेतली. आता समुद्रावर माझा नवरा आणि बोट चालवणारे तांडेलकाका जातात आणि हिशेब माझ्याकडे असतो. बर्फ, रेशन, खलाशांचे वाटे, जाळ्याची दुरुस्ती, आणि सगळ्यात मोठा खर्च म्हणजे डिझेल. डिझेलवरच्या कराचा परतावा सरकारकडून मिळतो, त्यामुळे प्रत्येक पावती जपून ठेवावी लागते. मी ती वहीत चिकटवते. शेजारी लिहिते: भरण्याआधी काठीवर किती होतं, किती भरलं, भरून झाल्यावर काठी काय म्हणाली. ही काठी म्हणजे खाचा पाडलेली बांबूची काठी, आबांनीच केलेली. अकरा वर्षांच्या वह्या घरात आहेत.

एवढा वेळ का लागला यावर धक्क्यावर प्रत्येकाचं मत होतं. कुणी म्हणालं पंपाचा जोर जास्त आहे, कुणी म्हणालं डिझेलला फेस फार येतोय. माझ्या मनात तर मापाचीच शंका आली, कारण आकडे बरेच दिवस जुळत नव्हते. मी पंपावर पाच लिटरचं माप मागितलं. वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असलेलं हे माप प्रत्येक पंपावर असतं आणि गिऱ्हाइकाने मागितलं की त्यात मोजून दाखवावं लागतं. डिझेल बरोबर रेघेला टेकलं. पंपावरच्या मुलाने काहीही न बोलता ते माप आमच्याच बोटीत ओतलं. मला त्या क्षणी फार ओशाळल्यासारखं झालं. घरी येऊन मी वह्या काढल्या.

त्या रात्री वह्यांनी जे सांगितलं ते सांगण्याआधी नोझलबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आमची सगळ्यांची पहिली चूक तिथेच होत होती. नोझल बंद झालं की टाकी भरली असं आपण धरून चालतो. पण नोझलला टाकी कुठे दिसते? त्याच्या टोकाशी एक बारीक भोक असतं. डिझेल वाहत असताना त्या भोकातून हवा ओढली जात असते. डिझेल किंवा त्याचा फेस चढून ते भोक झाकलं गेलं, की हवा मिळणं थांबतं आणि आतला खटका पडतो. म्हणजे आपलं तोंड बुडालंय, एवढंच नोझलला कळतं. खाली टाकी अर्धी रिकामी असली तरी त्याला पत्ता नसतो.

मग टाकी रिकामी असताना तोंड का बुडावं? कारण टाकी रिकामी कधीच नसते. ती हवेने भरलेली असते. चारशे लिटर डिझेल आत घालायचं तर चारशे लिटर हवा बाहेर यायला हवी. त्यासाठी टाकीच्या माथ्यावरून एक वेगळी नळी निघते आणि बोटीच्या कडेला बाहेर उघडते. तिला एअर पाइप म्हणतात. वरचं टोक छत्रीच्या मुठीसारखं खाली वाकवलेलं असतं, म्हणजे लाटेचं पाणी आत जात नाही. ही नळी चोंदली तर हवेला एकच वाट उरते, ज्या पाइपातून डिझेल येतंय तोच. वरून डिझेल उतरतंय, खालून हवा चढतेय, दोघांची एकाच गळ्यात झटापट. त्यातून फेस, त्यातून खट्, आणि त्यातूनच ते उलटं येणं.

हे मी आज सलग सांगते आहे, पण तेव्हा एअर पाइप चोंदलाय हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही. बोट मासेमारीला गेली.

पहिल्या फेरीत पाच-सहा तासांनी इंजिन मंदावलं. आमचं सहा सिलिंडरचं जुनं इंजिन आहे, आवाजात जरा फरक पडला तरी झोपलेला माणूस उठतो. तांडेलकाकांनी फिल्टर बदलले. डिझेलच्या नळीत हवा अडकून इंजिनाने एअर पकडली असेल म्हणून नवऱ्याने ती एअर काढली. थोडा वेळ बरं चाललं, पुन्हा दम लागल्यासारखं झालं. जमीन दिसत नव्हती आणि वारा वाढत होता. शेवटी काकांना वाटलं, टाकीत डिझेल तरी आहे का बघू. काठी घालायला त्यांनी डेकवरचं उजव्या टाकीचं झाकण फिरवलं. झाकणाने ‘फुस्स’ करून हवा आत ओढली. काठीवर डिझेल भरपूर होतं. आणि झाकण लावता लावता इंजिन आपसूक सुधारलं.

परत आल्यावर अंगणात चहा पिताना काका हे सहज सांगत होते. इंजिनाचं नाटक, असं त्यांच्या बोलण्यात आलं. माझं लक्ष त्या ‘फुस्स’वर अडलं. भरताना हवेला बाहेर जाता येत नव्हतं आणि चालताना हवेला आत येता येत नव्हतं. इंजिन डिझेल ओढत राहिलं, त्या जागी हवा आली नाही, टाकीत पोकळी तयार झाली, आणि शेवटी इंजिनाला डिझेल ओढणं जड जायला लागलं. धक्क्यावरची तक्रार आणि समुद्रातली तक्रार एकच होती. फक्त एका ठिकाणी ती वेळ खात होती आणि दुसऱ्या ठिकाणी चार माणसांचे जीव टांगणीला लावत होती.

मी हे बोलले तेव्हा आबा म्हणाले, “मग चल, बघू.” मला म्हणाले, नवऱ्याला नाही.

बाईमाणसाने इंजिनरूममध्ये उतरू नये असं आमच्याकडे कुणी म्हटलेलं नव्हतं, पण कधी कुणी उतरलीही नव्हती. मी उतरले. डिझेल, ग्रीस आणि तळाशी साचलेल्या खाऱ्या पाण्याचा असा वास होता की पहिली पाच मिनिटं मी तोंडाने श्वास घेतला. दोन्ही बाजूंना पोलादी टाक्या, प्रत्येकी सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फुटांना थोड्या कमी उंच. एकेकीत 600 लिटर मावतं. आबा गुडघ्यांमुळे खाली येऊ शकत नव्हते, ते वर झडपेशी बसून सांगत होते. नवरा कॉम्प्रेसर आणायला निघाला, हवा मारून पाइप मोकळा करू म्हणाला. आबा ओरडलेच. टाकीला जोडलेल्या नळीत जोराची हवा कधीही मारायची नाही. एक तर पत्रा फुगतो, जुनं वेल्डिंग फाटतं. नाही फाटलं तर अडकलेली घाण थेट टाकीत जाऊन पडते आणि पुढचे सहा महिने फिल्टर खात राहते. आधी दोन्ही टोकांच्या क्लिपा सोडवायच्या, नळी पूर्ण सुटी करून बाहेर काढायची, मग काय ते करायचं.

क्लिपा गंजलेल्या. एक सुटली, दुसरी कापावी लागली. नळीचं वरचं पितळी टोक आबांच्या हातात दिलं. त्याच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती कधीच सडून गेली होती. आबांनी आत बोट घातलं आणि बोट तसंच ठेवून माझ्याकडे पाहिलं.

आत माती होती. पाइपाच्या गोलाईत अगदी नेमका बसलेला मातीचा बूच. मी छत्रीच्या तारेने तो हळूहळू टोकरला. राखाडी, बारीक चाळलेल्यासारखी माती, थरावर थर, आणि इतकी घट्ट की तार वाकली. पहिला पडदा फुटला तेव्हा मागे एक छोटी खोली होती. खोलीत कोळी होते. लहान लहान, फिकट हिरवट, पाय पोटाशी मुडपलेले, एकमेकांवर रचलेले. मी सात मोजले. मेलेले वाटत होते, पण एकाला तारेचं टोक लागलं तर त्याचा एक पाय किंचित हलला. त्यांच्यात एक पांढरी अळी होती, तांदळाच्या दाण्याएवढी. तिच्या मागे पुन्हा मातीचा पडदा, पुन्हा खोली, पुन्हा कोळी. अशा चार खोल्या.

कुंभारीण, म्हणजे मातीचं घरटं करणारी गांधीलमाशीसारखी माशी. जूनपासून बोट वर ओढून ताडपत्रीने शाकारून ठेवलेली होती. पावसापासून आडोसा, जवळ ओली माती, आणि बोटभर रुंदीची तयार नळी. हिने याहून चांगली जागा कुठे शोधावी? आजी सांगायची, की कुंभारीण कुठूनशी अळी आणते, घरात कोंडते, तिच्याभोवती गुणगुणत राहते आणि ध्यास लागून त्या अळीचीच कुंभारीण होते. कीर्तनातही हा दाखला मी ऐकलेला आहे. प्रत्यक्षात ती कोळी नांगी मारून निपचित करते, मारत नाही, म्हणजे पिल्लाला ताजं अन्न मिळतं. त्यावर एक अंडं घालते आणि दार लिंपून टाकते. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या विमानतळावर अशाच एका जातीच्या माशा विमानांच्या वेग मोजायच्या नळ्यांत घरटी करतात, आणि तिथे त्यासाठी नळ्यांवर झाकणं घालतात. आमच्या बोटीची गोष्ट त्यामानाने फारच छोटी. पण ती माती हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते. एवढ्याशा जिवाने सगळं इतकं नीट केलं होतं. आणि तिच्या त्या नेटकेपणामुळे माझा नवरा बंद पडत चाललेल्या इंजिनावर बसून अंधारात एअर काढत होता.

नळी धुतली, जोडली. पुढच्या खेपेला 400 लिटरला 24 मिनिटं लागली. सगळे खूश. मी नव्हते, कारण वहीत जुन्या पावत्या होत्या. तीन वर्षांपूर्वीपर्यंत याच पंपावर, याच टाकीला 14 मिनिटं लागत असत.

त्या रात्री वह्या काढल्या तेव्हा मला हेच दिसलं होतं आणि नीट उमगलं नव्हतं. आम्ही एकच तक्रार समजत होतो, पण तिला तीन वेगवेगळ्या तारखा होत्या. 14 मिनिटांची 24 मिनिटं झाली ती एका दिवाळीनंतर. 24 ची 70 झाली ती त्या ऑगस्टमध्ये. आणि आणखी एक तारीख होती, जिचा वेळेशी संबंध नव्हता. त्याच्या आदल्या हंगामाच्या मध्यापासून उजवी टाकी ‘फुल्ल’ असं लिहिलेलं, पण आधीची शिल्लक आणि भरलेलं डिझेल मिळून 575 च्या वर कधी गेलंच नव्हतं. त्याआधी दर वेळी 600 च्या आसपास टेकायचं. मापाची शंका मला आली होती ती यावरून.

दिवाळीचं कोडं सोपं निघालं. त्या दिवाळीत नवऱ्याने इंजिनरूममध्ये बॅटऱ्यांसाठी नवी मांडणी बसवली होती. एअर पाइपाची रबरी नळी मध्ये येत होती, म्हणून ती मांडणीच्या खालून फिरवून घेतली. त्यामुळे मधोमध तिला झोळ पडला. कधीतरी टाकी गच्च भरली, थोडं डिझेल या नळीत चढलं आणि परत टाकीत उतरायच्या ऐवजी त्या झोळात साचून राहिलं. मोरीच्या वाकात पाणी राहतं तसंच. तेवढं डिझेल ढकलल्याशिवाय हवेला पुढे सरकता येत नव्हतं, ती गुडगुड करत, थांबत थांबत येत होती. नळी सोडवली तेव्हा त्यातून चहाचे दोन कप भरतील इतकं काळपट डिझेल निघालं. एअर पाइपाला टाकीपासून वरपर्यंत सतत चढ हवा, मध्ये कुठेही खाली उतरायचं नाही. नवी नळी घेतली, मांडणी चार इंच सरकवली. भरणीचा मोठा रबरी पाइपही त्याच वेळी काढला, तो बाहेरून ठणठणीत होता पण आतलं अस्तर सुटून जिभेसारखं लोंबत होतं. तोही बदलला. जुन्या रबराचं बाहेरून काही कळत नाही, आत बोट घालूनच बघावं लागतं.

यानंतर 15 मिनिटं. पण 575 चं कोडं तसंच.

आबांचा एक नियम होता. आधी डिझेल, मग बर्फ. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत होते. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. त्याच आदल्या हंगामात बर्फाची गाडी सकाळी लवकर यायला लागली. गाडी थांबवून ठेवली तर बर्फ वितळतो, म्हणून नवऱ्याने क्रम उलटा केला, आधी बर्फ आणि मग पंपावर. आबा कुरकुरले, पण कारण विचारल्यावर एवढंच म्हणाले, “तसंच करायचं असतं. आम्हाला जुन्या तांडेलाने शिकवलं.” नवऱ्याने ते सोडून दिलं. मीही.

बर्फाचा खण आमच्या बोटीत पुढच्या बाजूला आहे. दीड-दोन टन बर्फ त्यात पडला की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, खाली बसते आणि मागची बाजू वर उचलली जाते. उजव्या टाकीचा एअर पाइप निघतो तो टाकीच्या पुढच्या कोपऱ्यातून. टाकी पुढे कलली की डिझेल आधी तो पुढचा कोपरा गाठतं आणि नळीचं तोंड झाकून टाकतं. मागच्या कोपऱ्यातली हवा तिथेच कोंडते. मी धक्क्यावर पाण्याच्या नळीची लेव्हल लावून पाहिलं. बर्फ भरल्यावर टाकीच्या सहा फूट लांबीत दोन इंचांचा उतार पडत होता. पावतीच्या मागे गणित मांडलं. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, एका टोकाला दोन इंच आणि दुसऱ्या टोकाला शून्य अशी ती हवेची पाचर. उत्तर सत्तावीस-अठ्ठावीस लिटर आलं.

मी ती पावती आबांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून आकडे दोनदा वाचले. मग त्यांनी मला जुन्या तांडेलाबद्दल सांगितलं, जे याआधी कधी सांगितलं नव्हतं. तो माणूस सही करू शकत नव्हता, अंगठा लावायचा. शिडाच्या दिवसांपासूनचा. बोटीवर पहिल्यांदा इंजिन आलं तेव्हा त्याला ते आवडलं नव्हतं. पण वजन चढलं की बोट कशी बसते हे त्याला पायांच्या तळव्यांना कळायचं. टाकी चार बोटं रिकामी ठेवा, हाही त्याचाच नियम. त्यामागचं कारण मला पुढे कळलं. तापमान दहा अंशांनी वाढलं तर 600 लिटर डिझेल पाचेक लिटरने फुगतं, आणि त्याला जागा नसेल तर ते एअर पाइपातून समुद्रात जातं. आबा बोलत असताना मी वहीत लिहून घेत होते, पुन्हा असं कारण हरवून जाऊ नये म्हणून.

आता बर्फाची गाडी दुपारी बोलावतो, त्यासाठी दोन ठिकाणी बोलावं लागलं. भरताना एक खलाशी ओला तळहात एअर पाइपाच्या तोंडाशी धरतो. ओल्या हाताला हवा लगेच थंड लागते, मंद असली तरी कळते. टाकी भरत आली की तो झुळझुळता वारा मऊ होतो, आणि मग नोझलची दांडी अर्धी सोडायची. पाइपाच्या तोंडाला नवी पितळी जाळी बसवली. बंदीच्या काळात त्यावर कापड बांधायचं ठरलं, पण बांधलेलं कापड सोडायला विसरलो तर कुंभारणीने केलं तेच आपण केल्यासारखं होईल. म्हणून कापडाच्या चिंधीचा दुसरा लाल तुकडा इंजिनाच्या किल्लीला बांधून ठेवतो. किल्ली हातात घेताना तो दिसतोच.

या 1 ऑगस्टला मी पुन्हा धक्क्यावर होते. या वेळी तळहात मी धरला. पावती वहीत चिकटवली आहे: 410 लिटर, 15 मिनिटं. डाव्या टाकीचा भरणीचा पाइप अजून जुनाच आहे. त्याचं अस्तर आतून कसं आहे हे आम्ही पाहिलेलं नाही, आणि त्या टाकीच्याही एअर पाइपाला मांडणीजवळ थोडा झोळ आहे. दिवाळीला चार दिवस बोट उभी राहील तेव्हा दोन्ही काढायचे, असं वहीत लिहून ठेवलंय.